वाफ्यातील ओल

पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी शेतकरी शेतात जातो, मूठभर माती उचलतो, ती दाबतो आणि मूठ उघडून पाहतो. मातीचा गोळा झाला, पण बोटाची हलकी टिचकी लागताच तो फुटून मोकळा झाला, तर तो म्हणतो, ''वाफसा आला.'' मग पेरणीसाठी पाभर बाहेर निघते. माती हाताला चिकटली, तर अजून थांबावयाचे. गोळा मुळी झालाच नाही, तर ओल निघून गेली असे समजावयाचे. वाफसा हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी घरी ऐकला असेल. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी जी जमिनीची स्थिती, तिला वाफसा म्हणतात. मुळांना ही दोन्ही लागतात. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात. सर्व पोकळ्या हवेने भरल्या की ती सुकतात.

शेतातील वाफशाची चिंता शेतकरी करतोच. आपण ह्या पाठात शाळेच्या अंगणातील किंवा घराच्या परसातील गादीवाफ्याचा वाफसा कसा टिकवावा, ते पाहू.

गादीवाफा तुम्ही पाहिला असेल. जमिनीपासून वीतभर उंच आणि माथ्यावर सपाट असा हा वाफा गादीसारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव गादीवाफा. तो साधारणतः ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच करतात. रुंदी एकच मीटर ठेवण्याचे कारण असे, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचावा आणि वाफ्यात पाय टाकण्याची वेळ येऊ नये; कारण पायाखाली माती दबली की पोकळ्या मिटल्याच. वांगी, मिरची, टोमॅटो, कांदा यांची रोपे पावसाळ्यात अशा वाफ्यावर वाढवितात. सपाट जमिनीत, विशेषतः काळ्या जमिनीत, पाणी साचून राहते, रोपांचे कोवळे देठ मातीलगत कुजतात आणि आज टवटवीत दिसणारी रोपे उद्या आडवी होतात. गादीवाफ्यातील जादा पाणी मात्र खाली व बाजूंना निथळून जाते.

परंतु पाणी निथळून जाणे हा पावसाळ्यातील गुण पाऊस संपताच दोष ठरतो. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पण ती मला खऱ्या अर्थाने कळली ती सन २०१२ मध्ये.

त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात पावसाने फार ओढ दिली होती. मी तेथील एका खेडेगावात मुख्याध्यापक होतो. शाळा गावाबाहेर माळावर होती. वर दोन विती हलकी माती आणि खाली मुरूम, अशी तेथील जमीन. ऑगस्ट महिन्यात एक-दोन बऱ्या सरी झाल्या, तेव्हा मुलामुलींनी मोठ्या हौसेने सहा गादीवाफे केले. निचरा चांगला व्हावा म्हणून वाफ्यांच्या तळाशी विटांचे तुकडे व खडी यांचा एक थर घालावा, असे मीच त्यांना सांगितले. ती माझी चूक होती. तिच्याकडे आपण पुढे वळू. वाफ्यांत मिरची, वांगी व मेथी लावली. शाळेत शिजणाऱ्या दुपारच्या जेवणात आपल्या हातची भाजी पडावी, अशी सर्वांची इच्छा होती.

ऑक्टोबरचे ऊन तापू लागले आणि शाळेच्या हातपंपाचे पाणी ओढावले. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी आधी, बाग नंतर, हे उघड होते. बागेच्या वाट्याला तांदूळ व डाळ धुतलेले आणि मुलांनी हात धुतलेले पाणी तेवढे उरे. ते रोज सुमारे चार बादल्या भरे. संध्याकाळी मुले ते झारीने सर्व वाफ्यांवर सारखे शिंपडत. वाफे काळेभोर दिसत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मात्र ते पुन्हा पांढुरके पडत आणि मिरचीची पाने माना टाकीत. शिक्षकांच्या बैठकीत बाग बंद करावी असे ठरू लागले. खरे सांगावयाचे तर माझेही मत तेच होते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात शाळेने मिरच्यांना पाणी घालावे, हे मला बरे दिसत नव्हते.

निर्णय सांगण्यासाठी मी वर्गात गेलो, तेव्हा सातवीतील एक मुलगी उठून म्हणाली, ''गुरुजी, पाणी कमी पडतं हे खरं. पण घातलेलं पाणी जातं कुठं, ते तर आधी बघू या की!''

मला उत्तर देता आले नाही. आम्ही एक आठवडा मागून घेतला.

वाफ्यातील पाणी चार वाटांनी जाते. काही खाली झिरपते, काही माथ्यावरून वाफ होऊन उडते, काही कडांवरून उडते आणि काही रोपे मुळांनी शोषून पानांवाटे हवेत सोडतात. शेवटच्या वाटेबद्दल आपली तक्रार नाही, कारण त्यासाठीच तर आपण पाणी घालतो. उरलेल्या तीन वाटांचा मात्र हिशेब मागावयास हवा.

हा हिशेब गणिताच्या तासाला करण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर ते पाणी बरोबर एक लीटर भरते. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तसे उडून जाणारे पाणीही मिलिमीटरमध्ये मोजता येते. दख्खनच्या पठारावर भर उन्हाळ्यात उघड्या भांड्यातील पाण्याची पातळी दिवसाला दहा मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक, खाली जाते. ऑक्टोबरात आपण निम्मे, म्हणजे पाच मिलिमीटरच धरू. ओल्या मातीवरूनही पहिल्या दिवशी जवळजवळ तेवढेच पाणी उडते. एका वाफ्याचा माथा ३ चौरस मीटर. सहा वाफ्यांचे १८ चौरस मीटर. पाच मिलिमीटर दराने रोज ९० लीटर पाणी वरच्या वर जाणार! १५ लीटरची एक बादली धरली, तर ह्या सहा बादल्या झाल्या. आम्ही घालीत होतो चार.

आता कडा पाहा. वाफ्याचा घेर ८ मीटर आणि उंची १५ सेंटीमीटर. म्हणजे कडांचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. सपाट वाफ्याला ही जागा नसतेच. गादीवाफा केल्याबरोबर ऊन-वारा लागणारी जागा ३ वरून ४.२ चौरस मीटर झाली. उंची दुप्पट केली, तर कडाही दुप्पट होतात. वाफा जितका उंच तितका चांगला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

खालच्या वाटेचा शोध घेण्यासाठी आम्ही एका वाफ्याचा कोपरा कुदळीने उकरला. तेथे जे दिसले, त्याने माझी मान खाली गेली. वरचे दोन बोटे मातीचा थर ओलसर होता, त्याखाली खडीपर्यंत माती कोरडी ठणठणीत होती. आणि खडीचा थर बाजूला केल्यावर त्याच्याखालच्या जमिनीत मात्र हाताला थंडावा लागत होता! ऑगस्टच्या पावसाची ओल तेथे अजून होती, पण ती वर येऊ शकत नव्हती.

असे का व्हावे? समईची वात आठवा. तेल खाली असते आणि ज्योत वर असते. तरी वातीच्या धाग्यांमधील बारीक फटींतून तेल आपोआप वर चढते. ह्या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. मातीच्या बारीक पोकळ्यांतूनही पाणी असेच खालून वर व ओल्या जागेकडून कोरड्या जागेकडे सरकते. आता ती वात मधोमध कापून दोन तुकड्यांमध्ये एक गोटी ठेवली, तर तेल वर चढेल काय? खडीच्या थराने नेमके हेच केले होते. मोठ्या पोकळ्यांत केशाकर्षण चालत नाही. गंमत अशी, की पावसाळ्यातही ह्या थराचा उपयोग नसतो. वरची बारीक माती आपले पाणी धरून ठेवते. ती पुरती चिंब झाल्याशिवाय खडीच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी उतरतच नाही. म्हणजे निचऱ्यासाठी घातलेला थर निचरा करीत नाही आणि खालची ओलही अडवितो. कुंड्यांच्या तळाशी खडे भरण्याची चाल अजून अनेक घरी आहे. तळाच्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा पुरतो.

दुसरी चूक पाणी घालण्याची होती. रोज थोडे थोडे शिंपडल्याने दोन बोटे मातीच भिजत होती, आणि मुळे पाण्याच्या शोधात तेथेच, उन्हाच्या अगदी जवळ, गोळा होत होती. चार बादल्या पाणी सहा वाफ्यांवर रोज शिंपडण्यापेक्षा एका दिवशी दोनच वाफ्यांना सावकाश, मुरेल तसे घालावे आणि त्यांना पुन्हा तिसऱ्या दिवशी द्यावे, हे अधिक बरे. पाणी द्यावे की नाही, हे वरच्या रंगावरून ठरवू नये. तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसावी. टोकाला ओल लागली, तर झारी परत ठेवावी.

पण मातीलाच पाणी धरता येत नसेल, तर कितीही शहाणपणाने घातले तरी ते टिकणार कसे? ह्यासाठी आम्ही एक सोपा प्रयोग केला. तो तुम्हीही करा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या आणि त्यांच्या तळाला सारखीच भोके पाडा. एकात नुसती मुरमाड माती भरा. दुसऱ्यात तीच माती दोन भाग आणि चांगले कुजलेले कंपोस्ट खत एक भाग, असे मिश्रण भरा. दोन्ही डब्यांत अर्धा-अर्धा लीटर पाणी अगदी हळूहळू ओता आणि खाली ठेवलेल्या भांड्यांत किती पाणी उतरते, ते मोजा. माती फार कोरडी असेल, तर प्रथम पाणी कडेने सरळ खाली पळेल. म्हणून आदल्या दिवशी दोन्ही डब्यांतील माती थोडी ओलवून ठेवावी. आमच्या वर्गात पहिल्या डब्याखालचे भांडे पाहता पाहता भरत गेले आणि दुसऱ्याखाली थेंब मोजता आले, तेव्हा मुले आळीपाळीने वाकून पाहत होती.

कुजलेले खत पाणी धरते ते दोन प्रकारांनी. एक तर ते स्वतःच स्पंजासारखे असून आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिते. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. ते मातीच्या कणांना चिकटवून त्यांचे लहान लहान रवे बनविते. रव्याच्या आतील बारीक पोकळ्यांत पाणी राहते आणि दोन रव्यांमधील मोठ्या पोकळ्यांत हवा खेळते. म्हणजे खत मातीत वाफशाचीच सोय करून ठेवते! नुसत्या वाळूत हवा भरपूर, पाणी नाही. नुसत्या चिकणमातीत पाणी पुष्कळ, परंतु ते इतके घट्ट धरलेले, की त्यातील बराच भाग मुळांना ओढून घेता येत नाही.

पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर देऊन, वेळोवेळी ते उलटून खत करण्याची एक शास्त्रीय पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसविली आणि यशवंत वाड ह्या आपल्या सहकाऱ्यासह १९३१ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आमच्या शेतकऱ्यांकडून आपण पुष्कळ शिकलो, असे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत.

खत मातीत मिसळण्याचे काम गांडुळे फुकट करतात. चार्ल्स डार्विन ह्या थोर शास्त्रज्ञाने १८४२ साली आपल्या घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनी, १८७१ साली, तेथे चर खणला तेव्हा ते तुकडे सुमारे सात इंच खोल गेलेले आढळले. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकता टाकता ते गाडले होते. एका प्रश्नासाठी २९ वर्षे थांबणारा हा माणूस पाहिला, म्हणजे आम्ही आठवडाभराची मुदत मागितली त्याचे हसू येते. गांडुळांच्या बिळांतून पाणी आत मुरते. पण ती बिचारी ओलीशिवाय वर येत नाहीत.

शाळेकडे फारसे खत नव्हते. मुलांनी घरोघरच्या उकिरड्यांतून चांगले मुरलेले तेवढेच शेणखत पाट्यांतून आणले. ताजे शेण वाफ्यात घालू नये. त्याच्या उष्णतेने रोपे करपतात आणि त्यातून हुमणीही येते. तसेच न कुजलेला पाला मातीत मिसळला, तर तो कुजताना रोपांच्या वाट्याचे नत्र काही काळ खाऊन टाकतो आणि पाने पिवळी पडतात. आणखी एक गोष्ट अनायासे मिळाली. गावचा पाझर तलाव आटल्यामुळे शेतकरी त्यातील गाळ गाड्या भरून नेत होते. त्यांनी एक गाडी शाळेत रिकामी केली. हलक्या मुरमाड मातीला असा गाळ म्हणजे जावनच! पुढे २०१७ साली महाराष्ट्र शासनाने तलावांतील गाळ शेतांत नेण्याची योजनाच सुरू केली. मात्र तुमची जमीन मुळातच काळी व चिकण असेल, तर गाळ घालू नका. तेथे खतच घाला.

खडी काढून टाकली, तळाची जमीन खणून भुसभुशीत केली आणि गाळ, खत व माती मिसळून वाफे पुन्हा भरले. सहाचे चारच केले, कारण हिशेबात तेवढेच बसत होते. दोन वाफे मोडताना मुलांना वाईट वाटले.

आता माथा व कडा झाकावयाच्या होत्या. मातीवर घातलेल्या पांघरुणाला आच्छादन म्हणतात. ज्वारीचा कडबा ह्या कामी चांगला; पण त्या वर्षी गुरे चारा छावण्यांत उभी होती, आणि कडबा मातीवर पसरण्याची गोष्ट बोलणेही शोभले नसते. मुलांनी लिंबाचा वाळलेला पाला, भुईमुगाची टरफले आणि शेतात एरवी जाळून टाकतात ते उसाचे पाचट आणले. चार बोटे जाडीचा थर दिला, मात्र रोपांच्या देठांभोवती जागा मोकळी ठेवली. आच्छादनामुळे ऊन मातीला थेट लागत नाही, वाऱ्याचा झोत अडतो आणि वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही. कडांना जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या लावल्या. पाचटाला वाळवी लागते, हे सांगावयास हवे. दर चार-पाच दिवसांनी ते उचलून पाहावे लागे. ज्याला आच्छादन मिळत नाही, त्याने खुरप्याने वरची माती हलवून मोकळी करावी. त्याने वातीचे वरचे टोकच तुटते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते ह्यासाठीच.

शेवटचा उपाय त्याच मुलीच्या आजीने सुचविला. तिने तुळशीजवळ एक लहान मडके गळ्यापर्यंत पुरले होते आणि ते भरले की चार दिवस ती तुळशीकडे पाहत नसे. न रंगविलेल्या मडक्याला सूक्ष्म छिद्रे असतात, म्हणून तर माठ पाझरतो आणि त्यातील पाणी थंड होते. मडके मातीत पुरले, की भोवतालची कोरडी माती हे पाझरणारे पाणी ओढून घेते. माती ओली असली, की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. पाणी द्यावे की नाही, हे मडके आणि माती आपसांत ठरवितात! चीन देशातील फान शेंगझी ह्या कृषिलेखकाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अशी मडकी पुरून वेल लावण्याची रीत लिहून ठेवली आहे. आजीबाईंना अर्थातच त्याची वार्ता नव्हती. गावच्या कुंभाराने न खपलेली बारा मडकी आम्हाला दिली. प्रत्येक वाफ्यात तीन बसली. जुना माठ ह्या कामी घेऊ नये, असे त्यानेच सांगितले. ज्या माठात पाणी गार होत नाही, त्याची छिद्रे बुजलेली असतात. तो पाझरणार नाही. मडक्याच्या तोंडावर झाकण हवे, नाही तर डासांची पैदास व्हावयाची.

डिसेंबरात मेथी जेवणात आली. मिरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत तोडल्या. वांग्याची झाडे जगली, पण फळ लहान व थोडे. मार्चमध्ये तांदूळ धुण्याचे पाणीही टँकरचे असू लागले, तेव्हा मुलांनी आपण होऊन झारी कोठीत ठेवली आणि वाफे पाचटाखाली तसेच राहू दिले.

चारांपैकी एक वाफा मात्र आमच्या सर्व उपायांना पुरून उरला. तो शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीलगत होता. दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत त्याला धग देत असे, आणि आच्छादनाखालची मातीही तेथे हाताला कोमट लागे. जून २०१३ मध्ये पाऊस पडल्यावर आम्ही तो वाफा मोडून भिंतीपासून दोन मीटर दूर नेला. जुन्या जागी उन्हाळ्यापुरता जमिनीखाली वीतभर खोल वाफा करावा, असे त्या मुलीने सुचविले. तो आम्ही पुढच्या फेब्रुवारीत केला आणि पावसाळा तोंडावर येताच बुजविला.